तिसऱ्या पातळीवरची बासरी

कॉम्प्युटर घरात आला तेव्हा मी तोंडात टाचण्या धरून एका पँटची उंची कमी करत होते. त्यामुळे मला वेळेवर 'नाही' म्हणता आलं नाही. टाचण्या काढून डबीत टाकेपर्यंत दादा आणि आमचे हे, दोघांनी मिळून ते पिवळट धूड माझ्या कापायच्या टेबलावर ठेवलंसुद्धा होतं. घरात बाळ जन्माला आल्यासारखे दोघं एकमेकांकडे बघून हसत होते.

"दोनच दिवस," दादा म्हणाला.

मी कपडे आल्टर करून देते. घराची पुढची खोली हेच माझं दुकान, आणि ते टेबल म्हणजे त्या दुकानाचा जीव. दादा माझा थोरला भाऊ. तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टमध्ये शिरला की डोळे मिटून उभा राहतो आणि दोन मजले चढेपर्यंत सांगतो, कुठलं बेअरिंग गेलंय ते. आमचे हे दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतात. ह्यांचा कानावर काडीचा विश्वास नाही. जे मोजता येतं तेच खरं. माणसाच्या वरच्या कवळीत केसाएवढा फरक राहिला तरी ह्यांना जेवण जात नाही, मग त्या माणसाला जात असलं तरी. दोघांचं एकमेकांशी उत्तम जमतं. म्हणजे भांडायला दोघांनाही तिसरं माणूस लागत नाही.

कॉम्प्युटर एका बंद पडलेल्या ड्रायव्हिंग स्कूलचा होता. एवढा जुना, की चालू केला की काळ्या पडद्यावर नुसती एक रेघ लुकलुकायची आणि पुढे काय करायचं ते आपण टाइप करून सांगायचं. ह्या दोघांना तसलाच हवा होता. तरुणपणी दोघंही आपापल्या ठिकाणी एकच खेळ खेळायचे. एक खाणकामगार डोक्याला दिवा बांधून खाणीत उतरतो, वरून दगड पडतात, वटवाघळं येतात. दादाने त्याची फ्लॉपी इतकी वर्षं एका बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली होती. नव्या कॉम्प्युटरवर हा खेळ इतका भरधाव पळायचा, की खाणकामगार दिवा लागायच्या आत मरायचा. म्हणून हे धूड.

सगळं ठीक चाललं होतं. मग आवाजाची गोष्ट निघाली.

त्या काळी कॉम्प्युटरला आवाजासाठी वेगळं साउंड कार्ड बसवावं लागायचं. आमच्या धुडाच्या पोटात कार्डं बसवायला तीन स्लॉट होते. एकात पडद्याचं कार्ड, दुसऱ्यात डिस्कचं. उरला एक.

"एक बास झाला," हे म्हणाले. "एफएमचं साधं कार्ड घेऊ. माझ्या मामाच्या ऑफिसात तेच होतं."

"साधं?" दादाने पेचकस खाली ठेवला. "भाऊजी, तिसऱ्या पातळीवर पाणी लागतं, आठवतंय? तिथे बासरी वाजते. ती साध्या कार्डावर नाही यायची."

"तिसऱ्या पातळीवर बासरी नाही."

"आहे."

"दादा, तिसऱ्या पातळीवर ड्रम आहे. ढुम, ढुम, मग जरा थांबून ढुम. दोन वर्षं ऐकलंय मी."

"आणि मी काय कानात बोळे घालून बसलो होतो? बासरी! वाजवणाऱ्याचा श्वाससुद्धा ऐकू यायचा!"

मग मला बसवून समजावण्यात आलं, की कार्डं दोन जातींची. एफएमचं कार्ड सगळे आवाज स्वतःच तयार करतं. ते सनई वाजवायला गेलं तरी डब्यात मधमाशी अडकल्यासारखं वाजतं. दुसरं वेव्हटेबलचं, त्यात खऱ्या वाद्यांचे आवाज भरून ठेवलेले असतात. श्वास ऐकू यायचा म्हणजे आपल्याकडे दुसरंच असणार, असा दादाचा हिशेब होता. ह्यांचा हिशेब असा, की दादाचं डोकं फिरलंय.

"दोन्ही आणून बघा," मी म्हटलं. माझं टेबल मोकळं होण्याचा तोच जवळचा रस्ता वाटला. तो नव्हता.

जुन्या सुट्या भागांचं दुकान एका तळघरात होतं. त्या दुकानदाराला सगळे 'खोकेवाले' म्हणायचे, कारण आत जमिनीपासून छतापर्यंत खोकीच होती आणि त्यांच्या फटीतून हा माणूस बाहेर यायचा. मला त्याच रस्त्यावर चेन आणि बटणं घ्यायची होती म्हणून मीही गेले. खोकेवाल्यांनी आधी कार्ड दाखवलंच नाही. मुलगी दाखवायच्या आधी मुलाची चौकशी करावी तशी चौकशी सुरू केली. मशीन कुठलं? मेमरी किती? घरात उंदीर आहेत का? मांजर?

"मांजर कशाला?" ह्यांनी विचारलं.

"उबेला येऊन बसतं. माझी दोन कार्डं गेली आहेत केसांनी." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "ताई, तुमचं काय मत?"

"माझं टेबल मला परत हवंय."

"हं. म्हणजे घरात एकजण तरी शुद्धीवर आहे." एवढ्या भरवशावर त्यांनी दोन्ही कार्डं काढून दिली. "आठ दिवसांत एक परत आणा. दोन्ही परत आणलीत तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

आधी ह्यांचं एफएमचं कार्ड बसवलं. खेळ सुरू झाला, संगीताचा पहिला सूर निघाला, आणि सगळं जागच्या जागी थिजलं. चित्र थिजलं, खाणकामगार थिजला. सूर मात्र थांबेना. 'ईंऽऽऽ' असा तो चालूच राहिला. दोघं डोकं खाजवत मॅन्युअल चाळायला लागले. बंद करायचं नाही म्हणे, दोष शोधायचाय. तेवढ्यात बँकेतले एक साहेब कोट न्यायला आले. ते दारात पाच मिनिटं उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "आत कुणाला बरं नाहीये का?"

"दोघांना," मी म्हटलं आणि त्यांचा कोट दिला.

दोष निघाला तो असा. प्रत्येक कार्डाला कॉम्प्युटरला हाक मारण्यासाठी एक नंबर लागतो. आमच्या कार्डाचा नंबर सात, आणि प्रिंटर जोडायच्या जागेचाही सात. वर्गात एकाच नंबराला दोन मुलांनी 'हजर' म्हणावं आणि बाईंनी हजेरीपट टाकून निघून जावं, तसं झालं होतं. कार्डावरचा एक इवलासा प्लॅस्टिकचा तुकडा उचलून शेजारच्या दोन काड्यांवर बसवला की सात नंबरचा पाच होतो. दादाच्या जाड बोटांना तो सापडेना. ह्यांनी कवळीचा चिमटा आणून एका दमात बसवला आणि मग दिवसभर त्या चिमट्याकडे कौतुकाने बघत राहिले.

खेळ चालला. पहिली पातळी, दुसरी. तिसरीवर पाणी लागलं. ढुम, ढुम, मग जरा थांबून ढुम.

हे नुसते चहाचा कप दोन्ही हातांत धरून पडद्याकडे बघत बसले. तसं बसणं हे बोलण्यापेक्षा वाईट.

"कार्ड साधं आहे ना, बासरी गाळतंय," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने वेव्हटेबलचं कार्ड बसवलं. ह्या वेळी नंबराचा घोटाळा नाही झाला. पडदा उजळला आणि खोलीभर पियानो आणि व्हायोलिनं पसरली. इतकं गुळगुळीत, इतकं श्रीमंत, की मी शिवणाचं मशीन थांबवलं. दादा मात्र ताठ झाला. डोळे मिटले. दोन मजले चढल्यावर जसा चेहरा करतो तसा त्याचा चेहरा झाला.

"हे काय आहे?" तो म्हणाला.

"सुंदर आहे की," मी म्हटलं.

"अगं, हे लिफ्टमधलं संगीत आहे! मोठ्या हॉटेलात लावतात तसलं! मी आयुष्यभर लिफ्टच्या छतावर बसून हेच ऐकतोय!"

हे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. तिसरी पातळी आली. ढुम, ढुम. आता खरा ड्रम, खऱ्या कातड्याचा; पण बासरी नाही. दादाने ती पातळी चार वेळा खेळून बघितली. चौथ्यांदा खाणकामगार बुडाला तेव्हा तो उठला, चपला घातल्या आणि न बोलता घरी गेला.

तीन दिवस आला नाही. फोन केला तर म्हणे, काम आहे. मला चैन पडेना. दादा हरला तर मोठ्याने हरतो, शेजाऱ्यांना कळेल इतक्या मोठ्याने. हे गप्प राहणं त्याचं नव्हतं. ह्यांनाही करमेना. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "अगं, त्याला खोकेवाल्यांकडे घेऊन जाऊ. बासरीचं तिसरं एखादं कार्ड असेलही. मी काही सगळी कार्डं मोजलेली नाहीत." ह्यांच्या तोंडून हे वाक्य म्हणजे जवळजवळ क्षमायाचनाच.

आम्ही तिघं गेलो. खोकेवाल्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या जुन्या मशीनच्या मागे काय काय होतं, आठवतं?" त्यांनी दादाला विचारलं. "स्पीकरची पिन कुठे खुपसायचात?"

"पिन नव्हती."

"मग स्पीकर कुठे होता?"

"आतच होता की. आवाज पोटातून यायचा."

खोकेवाल्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसला. अपघाताची बातमी सांगायच्या आधी माणूस जसा वेळ काढतो तसा. "दादा, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या मशीनमध्ये कार्डच नव्हतं."

"काय?"

"पोटातला स्पीकर म्हणजे नुसती पिपाणी. एका वेळी एक पीं. त्यावर बासरी नाही, ड्रम नाही, काही नाही."

"मी दोन वर्षं ऐकलीये!" दादाचा आवाज फाटला. "नोकरीच्या पहिल्या वर्षी पै पै जमवून घेतलं होतं ते मशीन, आणि तुम्ही मला—" एक खोकं त्याच्या कोपराला लागून खाली पडलं. कुणी उचललं नाही.

ह्यांच्या जिंकण्यात आता काही राम उरला नव्हता. घरी आल्यावर मात्र त्यांनी स्वतःच पेचकस घेतला. "दादा, एक करू. कार्डच काढून टाकू. तुम्ही जे ऐकत होतात तेच ऐकू. नेमकं तेच. मग बघू."

मी टॉर्च धरला. ह्यांनी कार्ड काढलं. तिसरा स्लॉट रिकामा. दादा खेळायला बसला, पण मनापासून नाही. पोटातली पिपाणी कोंबडीच्या पिलासारखी चिवचिवली. पहिली पातळी चिवचिव, दुसरी चिवचिव. तिसरी आली आणि चिवचिवही बंद झाली. नुसतं पाणी ठिबकत होतं. टप. टप. टपटप. टप.

ती टपटप माझ्या ओळखीची होती. कुठून ते कळलं नाही. गुडघ्यांना कळलं, पाठीला कळलं. जमिनीवर मांडी घालून भिंतीला टेकून बसल्यासारखं वाटलं, आणि माझ्या ओठांनी आपणहून चंबू केला. त्या टपटपच्या मधल्या जागांत बसेल अशी एक चाल मी शीळ घालून वाजवली. हातात टॉर्च होता, तोंडात टाचण्या नव्हत्या. पूर्ण वाजवली आणि मग मलाच ऐकू आली.

पडद्यावर खाणकामगार बुडून मेला. दादाने त्याला वाचवायला हातही हलवला नाही. तो खुर्चीतच वळला होता.

"तू?" तो म्हणाला.

मग आठवलं. आमच्या घरी तेव्हा एकच मोठी खोली. कोपऱ्यात दादाचं मशीन, समोरच्या भिंतीशी मी शिवणाच्या क्लासची काजं-बटणं घेऊन. तिसऱ्या पातळीवर दादा अडकला तो अडकलाच. दोन वर्षं रोज संध्याकाळी तेच पाणी, तीच टपटप, तेच बुडणं. कंटाळून मी शीळ घालायचे. घालते आहे हे मला माहीत नसायचं, आणि पडद्याला डोळे चिकटलेल्या दादाला ती मशीनमधून येते असं वाटायचं. पुढे दुकान चालू केल्यावर तोंडात दिवसभर टाचण्या. शीळ राहूनच गेली.

"श्वास ऐकू यायचा म्हटलं होतं ना मी!" दादा खोलीत फेऱ्या मारायला लागला. "म्हटलं होतं की नाही? भाऊजी, कान चुकला नव्हता माझा!"

"नव्हता," हे म्हणाले. मोजून-मापून, पण म्हणाले.

"फक्त तेव्हा जास्त घुमायची. आता जरा पातळ येतीये. का गं?"

मला कारण माहीत नव्हतं. ह्यांना होतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, नवऱ्यासारखे नाही, लॅबमधल्यासारखे. माझ्या पुढच्या दोन दातांत तेव्हा फट होती. ती बुजवायला मी दवाखान्यात गेले, तिथून माझ्या दातांचं माप ह्यांच्या लॅबमध्ये गेलं, आणि मापाच्या मागून कधीतरी मीही गेले. आमचं जमलं ते असं.

"दीड मिलिमीटर होती," हे खालच्या आवाजात म्हणाले. "मीच बुजवली."

"मग काढा परत!" दादा म्हणाला.

"काय काढा?" मी टॉर्च त्याच्याच डोळ्यांत मारला.

त्यानंतर दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी चहा ठेवला. कप द्यायला गेले तर तो बाहेर बघतच म्हणाला, "मला वाटायचं मी एकटाच खेळायचो. तुम्ही सगळे चिडायचात ना माझ्यावर, दिवसभर त्या डब्यासमोर बसतो म्हणून."

"चिडायचेच मी."

"हो, पण शीळ घालत चिडायचीस."

मी त्याला बिस्किटं दिली.

आता कार्डाचा प्रश्न सुटला असं वाटेल कुणालाही. तो उलटा झाला. दादा म्हणाला, भाऊजींचं एफएमचं लावा, त्यांची आठवण खरी निघाली. हे म्हणाले, छे, दादाचं वेव्हटेबल लावा, त्याचे आवाज जास्त खरे. "तुमचं लावा." "नाही, तुमचंच लावा." दोघंही सौजन्याने लालबुंद झाले. आठ दिवसांतला सातवा दिवस चालू होता, आणि माझ्या टेबलावर एका गिऱ्हाइकाचा लग्नातला सूट उघड्या मशीनच्या शेजारी जीव मुठीत धरून पडला होता.

"दोन्ही वाजवा," मी म्हटलं. "तिसरी पातळी. मी शीळ घालते."

वेव्हटेबलवर घातली. जमेना. तिथे ड्रमचा घुमार लांबलचक पसरलेला, एक ठोका दुसऱ्यावर रेललेला. बसायला जागा नाही. माझी शीळ कडेला उभी राहिल्यासारखी झाली. मग एफएम. ढुम, ढुम, थांबून ढुम. कोरडं, पत्र्यासारखं, पण दोन ठोक्यांच्या मध्ये ऐसपैस मोकळं. शीळ त्यात अलगद बसली.

"हे ठेवा," मी म्हटलं. "ह्यात शिलाईला जागा सोडलीये. दुसरं अंगाबरोबर बेतलंय. त्यात आता काही घालता येणार नाही."

माझ्या धंद्यातलं बोलले म्हणून असेल, दोघांनीही मान डोलावली. ह्यांनी चिमट्याने तो इवलासा तुकडा पुन्हा तपासला. दादा वेव्हटेबलचं कार्ड परत करून आला. लिफ्टमधलं संगीत परत केल्याचा आनंद त्याच्या चालण्यात दिसत होता. खोकेवाल्यांना त्याने सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले म्हणे, की चाळीस वर्षांच्या धंद्यात बहीण लागणारं मशीन पहिल्यांदाच ऐकलं.

कॉम्प्युटर टेबलावरून हलला तो शेवटी ह्यांनी त्याच्यासाठी कोपऱ्यात फळी ठोकली तेव्हा. आता रविवारी दुपारी आम्ही तिघं खेळतो. हे चौथ्या पातळीवर मरतात. उडी मारायच्या आधी अंतर मोजत बसतात आणि तेवढ्यात दगड पडतो. दादा पाचवीवर मरतो, कारण तो डोळे मिटतो. मी मात्र मरत नाही. रोज सुईत दोरा ओवणाऱ्या बाईला वटवाघळं चुकवणं काय कठीण? गेल्या महिन्यात मी सहावी पातळी पार केली. आमच्या तिघांत इतक्या खोल कुणी उतरलं नव्हतं. दोघं माझ्या खुर्चीमागे श्वास रोखून उभे. अंधारातून एक पिंजरा खाली आला, खाणीतली लिफ्ट. दादा कळवळून म्हणाला, "अरे, ह्या लिफ्टला ब्रेकच दाखवलेला नाही!" माझा खाणकामगार तिच्यात चढला, दार लागलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

ती ह्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचली. आमची फ्लॉपी नमुन्याची होती. उरलेली खाण पूर्ण आवृत्तीत आहे. हवी असल्यास खालील पत्त्यावर पत्र पाठवावे, चार ते सहा आठवड्यांत फ्लॉपी घरपोच.

आम्ही तिघं बराच वेळ तो पत्ता बघत राहिलो. तीस वर्षांपूर्वीचा पत्ता, पोस्ट बॉक्सच्या नंबरासकट.

"कोण असणार आता तिथे," मी म्हटलं.

"लिहून बघायला काय जातंय?" दादा म्हणाला आणि माझ्या गिऱ्हाइकांच्या पावतीबुकातलं एक पान फाडलं. पत्र दोघांनी मिळून लिहिलं. म्हणजे दादाने सांगितलं आणि ह्यांनी दुरुस्त केलं. 'आम्हास तुमची खाण अतिशय आवडली' ह्या वाक्यावर वीस मिनिटं वाद झाला. 'अतिशय' मोजता येत नाही, असं ह्यांचं म्हणणं. शेवटी 'अतिशय' राहिलं. पाकीट मी चिकटवलं आणि पेटीत टाकायला तिघंही गेलो.

त्याला आता पाच आठवडे झाले. पत्र परत आलेलं नाही, म्हणजे पोचलं असणार, असं दादा म्हणतो.